एकाच खोलीत तीन मीटर आणि तीन वेगळे आकडे, दमटपणा खरा किती धरायचा?

चिऱ्याचं_घर

नमस्कार मंडळी. रत्नागिरीला राहते, घर जुनं, चिऱ्याचं, मागच्या खोलीत बाबांची पुस्तकं आणि त्यांची हार्मोनियम आहे. दर पावसाळ्यात हार्मोनियमच्या पट्ट्या अडकतात, भात्याच्या चामड्यावर पांढरी भुरी येते आणि पुस्तकं तर अशी सादळतात की पान उलटताना आवाजच येत नाही. यंदा ठरवून डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून टाकीत जमवणारं मशिन, घेतला, त्याच्या डिस्प्लेवर ६० टक्के दिसतं. मी खूश, कारण साठच्या आत राहिलं की बुरशी धरत नाही असं वाचलं होतं. पण पुस्तकांच्या कपाटामागे वास तसाच. म्हणून एक घड्याळवाला डिजिटल मीटर आणला, टेबलावर ठेवला तर तो ६८ दाखवतो, मग भावाने त्याच्याकडचा मोबाईलला जोडायचा वायफायवाला पाठवला तो ७९ म्हणतो!! तापमान पण एक २८.१ आणि दुसरा २८.९. तिन्ही नवे, तिन्ही एकाच खोलीत. आता मी विश्वास कोणावर ठेवू? मशिन दिवसभर चालवते, विजेचं बिल येतंय, आणि उपयोग होतोय की नाही तेच कळत नाहीये. कोणी घरच्या घरी हे मीटर तपासलेत का? लॅबमध्ये पाठवणं वगैरे शक्य नाही, आणि महागडं काही घ्यायचं तर आधी कळायला हवं की चुकतंय कोण.

सोल्डर_आणि_चहा

ताई, तपासता येतात आणि खर्च शून्य. मिठाची टेस्ट करा. पाण्यात विरघळता विरघळेना इतकं मीठ असेल ना, तर त्या ओल्या मिठावरची बंद हवा बरोब्बर ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, हे निसर्गाचंच माप आहे, २० डिग्रीला ७५.५ आणि ३० डिग्रीला ७५.१, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही खोलीत ७५ धरलं तरी चालतं.

कृती सांगतो नीट कारण यातच लोक चुकतात. साधं पुड्यातलं बारीक मीठ घ्या, खडे मीठ नको, त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते आकडा खाली ओढतात. बाटलीच्या एका झाकणात मीठ भरा आणि थेंब थेंब पाणी घाला, समुद्राच्या ओल्या वाळूसारखं दिसलं पाहिजे, वर पाणी साचता कामा नये. रबरी रिंगवाला हवाबंद डबा घ्या, जितका लहान तितका बरा, त्यात ते झाकण आणि दोन्ही मीटर शेजारी ठेवा, मीठ मीटरला लागू द्यायचं नाही, आणि डबा बंद करून घरात जिथे ऊन, पंखा, फ्रिजची गरम हवा काहीच लागत नाही अशा ठिकाणी निदान १२ तास, मी तर म्हणेन पूर्ण दिवस, हात न लावता ठेवा. डबा पारदर्शक हवा, कारण उघडून बघायचं नाहीये, बाहेरूनच वाचायचं. जो ७१ दाखवेल तो ४ ने कमी दाखवतो, जो ८० दाखवेल तो ५ ने जास्त. त्याच्या पाठीवर पट्टी चिकटवून लिहून ठेवा.

हा फरक ७५ च्या आसपासच खरा हं. जानेवारीत हवा ५० वर आली की तोच फरक लागेल असं नाही. पण तुमचा प्रश्न पावसाळ्याचा आहे त्यामुळे मीठ अगदी योग्य जागी बसतंय. अजून एक टोक तपासायचं असेल तर मॅग्नेशियम क्लोराइडचं असंच ओलं मिश्रण ३३ टक्के देतं, आणि वरच्या बाजूला पोटॅशियम क्लोराइड ८४. दोन्ही शाळा-कॉलेजला केमिकल पुरवणाऱ्या दुकानात मिळतात.

वऱ्हाडी_उन्हाळा

नागपूरहून. आमचा त्रास उलटा आहे पण सांगतो, कारण कोणी तरी तुम्हाला "डीएचटी११ लावा, शे-दीडशेत काम" असं सांगणारच. तो निळा चौकोनी सेन्सर ±५ टक्क्यांचा असतो कंपनीच्याच कागदावर, आणि २० च्या खाली त्याचा भरवसा नाही. मे महिन्यात आमच्याकडे दुपारची हवा त्याच्याही खाली जाते, मी दोन उन्हाळे कूलर चालू-बंद करायला तोच लावला होता आणि कूलर चालू असो की नसो त्याचं आपलं ठरलेलं. नंतर एसएचटी३१ घेतला, तो ±२ चा, फरक लगेच दिसला. तुमच्या मीटरच्या आत कुठला सेन्सर आहे ते खोक्यावर लिहीत नाहीत ही मोठी अडचण, आणि दशांशात आकडा दाखवतो म्हणून तो अचूक असं अजिबात नाही. ६८.४ मधला तो .४ नुसता डोळ्याला बरा वाटतो.

निवृत्त_निरीक्षक

मी बरीच वर्षं वेधशाळेत निरीक्षणं घेतली, सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचची, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

मीटर बरोबर आहे का हा झाला अर्धा प्रश्न. उरलेला अर्धा म्हणजे तो कुठे ठेवला आहे. वेधशाळेत तापमापक पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत ठेवतात, जमिनीपासून साधारण चार फुटांवर, पेटीचं दार उत्तरेला, कारण दार उघडल्यावर ऊन आत पडता कामा नये. ही सगळी काळजी एवढ्यासाठीच की तापमापकाने हवेचं तापमान सांगावं, भिंतीचं किंवा उन्हाचं नव्हे. घरातही तेच. बाहेरच्या भिंतीवर खिळा ठोकून मीटर टांगला तर तो भिंतीचं सांगणार. टीव्हीवर, फ्रिजवर, राऊटरशेजारी, बल्बच्या वर, खिडकीच्या चौकटीत ठेवू नका. आतल्या भिंतीपासून थोडा सुटा, बसल्यावर डोक्याच्या उंचीला, जिथे हवा खेळते तिथे ठेवा. आणि हातात धरून वाचू नका, तळहाताची ऊब आणि तोंडाची वाफ दोन्ही लागतात.

तापमानाची चूक दमटपणात कशी उतरते ते बघा. सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवेत जेवढी वाफ मावू शकते त्याच्या किती टक्के वाफ आहे. गरम हवेत जास्त मावते. त्यामुळे वाफ तेवढीच राहिली आणि सेन्सर नुसता एका डिग्रीने तापला तरी ८० चे साडेपंच्याहत्तर होतात. तुमच्या दोन मीटरमध्ये ०.८ डिग्रीचा फरक आहे, तो आधी सोडवा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पंख्याच्या हलक्या वाऱ्यात तासभर राहू द्या, मग वाचा.

आणि मशिनवरचा आकडा मला सगळ्यात संशयाचा वाटतो. मशिन भिंतीला टेकवून ठेवलं आहे का? तसं असेल तर ते स्वतःच सोडलेली गरम कोरडी हवा परत ओढत असणार. खोलीतली हवा २८ डिग्रीला ७२ टक्के असेल आणि ती सेन्सरपाशी ३१ डिग्रीला पोचली तर आकडा ६१ च्या आसपास दिसेल. मशिनचं खोटं नाही, ते त्याच्या नाकासमोरच्या हवेचं सांगतंय.

चिऱ्याचं_घर

काका, अगदी तसंच आहे! मशिन कोपऱ्यात, भिंतीपासून वीतभर लांब. हलवते आता.

मिठाचं कालच केलं पण काहीतरी बिघडलं. मुलाच्या डब्यात केलं, सकाळी बघितलं तर झाकणाला आतून थेंब आणि दोन्ही मीटर नव्वदीच्या घरात. पाणी जास्त झालं का?

सोल्डर_आणि_चहा

पाणी जास्त झालं आणि डबा रात्रीत गार पडला, दोन्ही असणार. मिठाच्या वर मोकळं पाणी राहिलं तर वरचा थर पातळ होतो आणि तो ७५ च्या वर नेतो, खालच्या मिठाचा उपयोग होत नाही. डबा कुठे ठेवला होता? खिडकीपाशी असेल तर पहाटे झाकण गार होतं आणि तिथे वाफ धरते. मीठ टाकून द्या, नवीन घ्या, दोन-तीन चमचे मिठाला पाणी अगदी अर्धा चमचा, आणि डबा पांघरूणांच्या कपाटात ठेवा, तिथे दिवस-रात्र तापमान फारसं हलत नाही.

पण एक थांबा. मीटर नव्वदीत रात्रभर होते ना, आता त्यांना दोन दिवस साध्या खोलीत राहू द्या, मशिन चालू असलेल्या. हे सेन्सर म्हणजे आत एक पातळ पॉलिमरचा थर असतो, तो हवेतली वाफ शोषतो आणि त्यावरून विजेचं माप बदलतं. ८० च्या वर खूप वेळ राहिला की तो थर जास्तीचं पाणी धरून बसतो आणि मग आकडा वर दाखवतो. एसएचटी सेन्सर बनवणाऱ्या कंपनीच्या कागदातच लिहिलंय की ८० च्या वर ६० तास राहिलं तर साधारण ३ टक्के वर सरकू शकतो, नंतर हळूहळू आपोआप खाली येतो. कोकणात पावसाळ्यात मीटर महिनोन्‌महिने ८० च्या वरच असतात! म्हणून मी जूनमध्ये एकदा आणि गणपतीनंतर एकदा अशी दोनदा टेस्ट करतो.

देवघराजवळ पण ठेवू नका मीटर. उदबत्तीचा धूर, नेलपॉलिशचा रिमूव्हर, रंगाचा थिनर, सगळं त्या थरात बसतं.

पागोळी

मध्येच विचारते, मोबाईलवर रत्नागिरीची आर्द्रता ९२ दाखवते, मग घरातला मीटर ९२ च्या जवळ नको का यायला? आमच्याकडे सावंतवाडीला सासूबाई म्हणतात पाऊस थांबला की खिडक्या उघडा, हवा बदलली की ओल जाते. मी म्हणते ओल आत येते. रोज वाद.

निवृत्त_निरीक्षक

पागोळी, मोबाईलचा आकडा बाहेरचा आहे आणि बाहेरच्या तापमानाचा आहे, त्याची घरच्याशी थेट तुलना करायचीच नाही. बाहेर २६ डिग्री आणि ९२ टक्के आहे असं धरा. तीच हवा, एक थेंबही वाफ न वाढवता, खिडकीतून आत येऊन २८ डिग्रीची झाली की ८२ टक्के होते. म्हणजे घरात ८२ दिसलं तर घर बाहेरच्या इतकंच दमट आहे. ज्या खोलीत मशिन लावून ७२ वर आणलं आहे तिथे जुलैत खिडकी उघडली तर दमटपणा वाढणार. जिथे मशिन नाही, स्वयंपाकाची वाफ आहे, ओले कपडे दोरीवर आहेत, तिथे आतली हवा बाहेरच्याहून जास्त भरलेली असते, तिथे खिडकी उघडल्याने ओल जाते. तेव्हा सासूबाईंचं स्वयंपाकघरापुरतं बरोबर आहे, तुमचं बंद खोलीपुरतं. दिवाळीच्या सुमाराला कोरडा वारा सुटला की दिवसा सगळीकडेच उघडा.

टक्क्यांपेक्षा दवबिंदू, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की तिच्यातल्या वाफेचं दव होऊ लागतं ते तापमान, बघायची सवय लावली तर हे सगळं सोपं होतं. बऱ्याच वायफाय मीटरच्या ॲपमध्ये तो दिसतो. खोली गरम झाली किंवा गार झाली म्हणून दवबिंदू हलत नाही, वाफ वाढली किंवा कमी झाली तरच हलतो. आतला दवबिंदू बाहेरच्याहून जास्त असेल तर खिडकी उघडा, कमी असेल तर बंद ठेवा.

चिऱ्याचं घर, तुम्हाला मिठाशिवाय दुसरी एक पद्धत देतो, आम्ही आयुष्यभर तीच वापरली. दोन सारखे काचेचे तापमापक, शाळेच्या प्रयोगशाळेत असतात ते. आधी दोन्ही कोरडे शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक लिहून घ्या. मग एकाच्या गोळ्याला स्वच्छ धुतलेलं मलमल एका थरात गुंडाळा आणि पाण्याने भिजवा, पाणी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड, नळाचं नको, त्यातले क्षार कापडात साठतात. समोर टेबलफॅन लावा. ओल्याचा पारा खाली येत येत एका ठिकाणी थांबतो, तो वाचा, फार वाट बघू नका नाहीतर कापड सुकून परत चढतो. समजा कोरडा ३० आणि ओला २६ आला, तर कोरड्या-ओल्या पाऱ्यावरून आर्द्रता काढायच्या तक्त्यात ७३ निघते. ओल्यात अर्ध्या डिग्रीची चूक झाली तर तीन टक्के इकडेतिकडे होतं, म्हणून डोळा पाऱ्याच्या समोर ठेवून वाचायचं, वरून खालून नाही. पंख्याशिवाय केलं तर पारा पुरता उतरत नाही आणि हवा आहे त्याहून दमट वाटते. मलमल आम्ही दर आठवड्याला बदलायचो, किनाऱ्यावर तर त्याआधीच, खाऱ्या वाऱ्याने ते कडक होतं.

यात सेन्सर नाही, बॅटरी नाही, काही जुनं होत नाही. मला अजूनही याच्यावरच जास्त विश्वास वाटतो.

सोल्डर_आणि_चहा

काकांशी सहमत, फक्त एक भर, तापमान तपासायचं तर घरात एक अचूक गोष्ट सगळ्यांकडे असते, ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर. चांगला असेल तर ±०.१ चा असतो. तो ३२ ते ४२ मध्येच चालतो म्हणून खोलीची हवा त्याने मोजता येत नाही, पण पातेल्यात ३७-३८ डिग्रीचं कोमट पाणी घ्या, वायरवाला वॉटरप्रूफ प्रोब, म्हणजे वायरच्या टोकाला बसवलेला तापमानाचा सेन्सर, आणि हा थर्मामीटर दोन्ही एकत्र धरून ढवळत रहा, फरक कळतो. दुसरं टोक बर्फ, बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी, ते शून्य. दोन्हीकडे प्रोब बरोबर निघाला की मधे २८ ला पण बरोबर आहे समजा, आणि मग त्या प्रोबच्या शेजारी तुमचे मीटर ठेवून त्यांचं तापमान तपासा. मीटर पाण्यात बुडवू नका हं, एकाने खरंच केलं होतं.

वऱ्हाडी_उन्हाळा

आणि कोणी स्वतः बोर्ड जोडून बनवणार असेल तर सेन्सर बोर्डाच्या वर चिकटवू नका, वायफायची चिप तापते आणि सेन्सरला दीड-दोन डिग्री चढवते. मी पहिल्यांदा एकाच डबीत सगळं बसवलं होतं. दहा-बारा सेंटीमीटर वायर काढून बाहेर लोंबवला आणि दर दोन मिनिटांनी एकदाच वाचायला लावला, मग ठीक झालं.

चिऱ्याचं_घर

मंडळी, सहा दिवसांनी आले. मीठ दुसऱ्यांदा केलं, या वेळी नीट ओल्या वाळूसारखं, कपाटात चोवीस तास. घड्याळवाला ७१ वर थांबला, वायफायवाला ८१. म्हणजे पहिल्यात ४ मिळवायचे, दुसऱ्यातून ६ वजा करायचे. मग मी पहिल्या दिवशीचे आकडे काढून बघितले, ६८ अधिक ४ म्हणजे ७२, आणि ७९ वजा ६ म्हणजे ७३!! इतका आनंद झाला काय सांगू, दोघं इतके दिवस एकच सांगत होते. काका, तुम्ही उदाहरणात ७२ च धरलं होतंत.

मशिन खोलीच्या मध्ये ओढलं, चारी बाजूंनी मोकळं. त्याचा डिस्प्ले ६० वरून ६६ वर गेला, आणि मशिन जे आधी ६० झालं म्हणून मधेमधे बंद पडायचं ते आता सलग चालतंय, टाकीत पाणी आधीपेक्षा बरंच जास्त जमतंय. आज सकाळी दुरुस्त आकडा ६४. पण कपाटामागचा वास अजून आहे, ते का?

निवृत्त_निरीक्षक

कपाट बाहेरच्या भिंतीला लागून आहे ना? चिरा पाणी शोषतो, पावसात बाहेरून भिजलेली भिंत आतून गार राहते. खोली २८ डिग्रीला ७५ टक्के असेल आणि भिंत २६ ची असेल तर भिंतीला चिकटलेली हवा ८४ टक्के होते. बुरशी तुमच्या टेबलावर राहत नाही, ती तिथे राहते, आणि ८० च्या वर तिचं चांगलं चालतं. एक मीटर मुद्दाम कपाटाच्या मागे सरकवा, एक टेबलावर राहू दे, आणि दोन्ही लिहीत जा. कपाट भिंतीपासून चार बोटं तरी पुढे घ्या, खाली विटा देऊन उचला म्हणजे हवा मागून फिरेल.

चिऱ्याचं_घर

बघितलं. टेबलावर ६४, कपाटामागे ७९, दोन्ही दुरुस्त करून. पंधरा टक्के! एवढ्याशा खोलीत.

कपाट रिकामं करायला दोन माणसं लागली, मागच्या फळीला हिरवट भुरी होती, ती पुसली आणि आता सहा इंच पुढे आहे, खाली चार विटा. काल संध्याकाळी मागचा मीटर ७१ वर आला होता. हार्मोनियम आतल्या भिंतीकडे हलवली. काळी चारच्या खालच्या दोन पट्ट्या अजून चिकटतात, पण भाता आज पहिल्यांदा करकरला नाही. वहीत रोज साडेआठ आणि साडेपाचला दोन्ही आकडे लिहिते आहे, काकांच्या वेळा. सोल्डर, गणपतीनंतर मीठ परत करून आकडे टाकते इथेच.

पागोळी

ताई, तो पुड्यातल्या मिठाचा अंदाज, दोन चमचे की तीन? सासूबाईंनी डबा काढून ठेवलाय.

चिऱ्याचं_घर

तीन सपाट चमचे, अर्धा चमचा पाणी, आणि काडीने ढवळायचं. डबा काचेचा घे.